ना नवी, ना ‘व्हिंटेज’: शेंद्र्याच्या लिफ्टबॅकची विशी

खास प्रतिनिधी, हिंगणघाट

कापसाच्या हंगामात हिंगणघाटच्या बाजार समितीकडे निघालेल्या वाहनांच्या गर्दीत एखादी जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया दिसली, तर तिच्याकडे वळून पाहणारे फारसे कुणी नसते. चार दारे, मागे डिकी, रंग थोडा उतरलेला. म्हणजे जुनी सेडान, इतकीच तिची नोंद घेतली जाते. मालकाने डिकी उघडली की मात्र काहीतरी निराळे घडते. डिकीच्या झाकणाबरोबर मागची काचही वर जाते आणि छतापासून बंपरपर्यंत अख्खा मागचा भाग उघडा पडतो. मागचे आसन पुढे पाडले, तर कापसाच्या नमुन्यांची गाठोडीच काय, लहानसे कपाटही आत शिरेल. जी मोटार आपण वीस वर्षे सेडान समजत आलो, ती सेडान नव्हतीच. ती लिफ्टबॅक होती.

जुन्या मोटारींच्या हौशी मंडळींत गेल्या काही वर्षांत या प्रकाराविषयी नव्याने कुतूहल निर्माण झाले आहे. परदेशी नियतकालिकांतून दिसणाऱ्या टोयोटा सेलिका, डॅट्सन २४० झेड, पोर्श ९२४ किंवा फोर्ड कॅप्री या उतरत्या पाठीच्या क्रीडामोटारी पाहून अनेकांना त्या हव्याशा वाटतात. परंतु वापरलेली मोटार परदेशातून आणायची, तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी, असा आपल्या आयात धोरणाचा सर्वसाधारण नियम आहे. पन्नाशी ओलांडलेल्या मोटारींचा विचार वेगळा होतो. पण त्या वाटेने जाण्याइतका खिसा कितीजणांचा असणार? तेव्हा विदर्भातल्या सामान्य पगारदार किंवा व्यापारी हौशी माणसाला खरोखर घेता येईल, चालवता येईल आणि दुरुस्तही करून घेता येईल अशी क्रीडावृत्तीची लिफ्टबॅक शोधायची, तर ती आपल्याच राज्यात, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत जुळवली गेलेली सापडते. ती म्हणजे २००४ साली आलेली ऑक्टाव्हिया आरएस. ही मोटार आता विशी ओलांडून गेली आहे, आणि नेमका इथेच तिच्यापुढचा पेच उभा राहतो. बाजाराच्या दृष्टीने ती फार जुनी आहे आणि कायद्याच्या दृष्टीने ‘जुनी’ म्हणवून घेण्याइतकी जुनी नाही.

काच झाकणाबरोबर का उचलली जाते?

सेडानमध्ये मोटारीचे तीन कप्पे स्पष्ट दिसतात: पुढे इंजिन, मध्ये माणसे, मागे सामान. मागची काच छताला आणि बॉडीला पक्की चिकटवलेली असते आणि तिच्या खालचे झाकण तेवढे उघडते. हॅचबॅकमध्ये मागचा भाग जवळजवळ उभा कापलेला असतो आणि काचेसह पूर्ण दार वर उचलले जाते. लिफ्टबॅक या दोहोंच्या मधली आहे. तिची पाठ सेडानसारखी लांब आणि उतरती, पण दार हॅचबॅकसारखे, छतालाच बिजागरी असलेले. बाहेरून सेडानचा रुबाब आणि आतून टेम्पोची सोय, असे कुणी म्हटले तर ते अगदीच चुकीचे ठरणार नाही.

क्रीडामोटारींना हा आकार मानवला, त्यामागे हवेचे गणित आहे. वेगाने धावणाऱ्या मोटारीच्या छतावरून वाहणारी हवा मागे एकदम तुटली की तेथे भोवरे तयार होतात आणि ते मोटारीला मागे खेचतात. पाठ हळूहळू उतरती ठेवली, तर हवा अधिक काळ पृष्ठभागाला चिकटून राहते. ही उतरण टोकापर्यंत न नेता योग्य जागी सरळ कापली तरी चालते, हे जर्मन अभियंता वुनिबाल्ट काम यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले. मात्र अशा उतरत्या पाठीखाली सामानासाठी जागा असूनही तिच्यापर्यंत हात पोहोचत नाही. चिंचोळ्या झाकणातून बॅग आत ढकलण्यापेक्षा काचेसकट सारी पाठच उचलली तर? ॲस्टन मार्टिनने १९५३ च्या डीबी२/४ या मोटारीत हे केले. १९६५ साली एमजीबी जीटीने ती सोय तुलनेने स्वस्त मोटारीत आणली. १९६९ ची डॅट्सन २४० झेड आणि १९७६ ची पोर्श ९२४ यांनी तर उचलल्या जाणाऱ्या काचेलाच आपली ओळख बनवले. टोयोटाने १९७३ मध्ये जपानमध्ये सेलिका ‘लिफ्टबॅक’ या नावानेच विकायला काढली आणि हा शब्द रूढ झाला.

या सोयीची किंमतही आहे आणि जुनी मोटार घेणाऱ्याने ती समजून घेतली पाहिजे. सेडानमध्ये मागच्या आसनामागे पत्र्याचा एक आडवा भाग असतो. तो बॉडीला पिळवटण्यापासून वाचवतो. लिफ्टबॅकमध्ये तेथे फक्त काढता येणारी फळी असते. त्यामुळे बॉडीच्या कडा आणि दाराची चौकट अधिक मजबूत करावी लागते. म्हणजेच वजन वाढते. वर्षे उलटली की खड्ड्यांतून जाताना मागून ‘कट्कट्’ असा आवाज येऊ लागतो, तो बहुधा याच मोठ्या चौकटीचा, तिच्या कुलपाचा नाही तर रबरी टेकूंचा असतो. शिवाय डिकी आणि बैठक यांच्यामध्ये भिंत नसल्याने मागच्या टायरांचा आवाज आत येतो आणि मे महिन्यात वातानुकूलन यंत्रणेला माणसांबरोबर डिकीचीही हवा थंड करावी लागते. विदर्भात ही काही किरकोळ बाब नव्हे.

मद्रासची फसगत

भारतात लिफ्टबॅकची ओळख ऑक्टाव्हियाने करून दिली, असा समज आहे. तो खरा नाही. १९८५ मध्ये मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ‘स्टँडर्ड २०००’ बाजारात आणली होती. तिची बॉडी होती ब्रिटनच्या रोव्हर एसडी१ या, १९७७ सालची ‘युरोपियन कार ऑफ द इयर’ ठरलेल्या मोटारीची. मूळ रोव्हरमध्ये साडेतीन लिटरचे व्ही८ इंजिन मिळत असे. मद्रासला मात्र त्या देखण्या बॉडीखाली जुन्या स्टँडर्ड व्हॅनगार्डच्या वंशातले दोन लिटरचे इंजिन बसवण्यात आले. राजवाड्याला झोपडीचा पाया घालावा, तसा हा प्रकार झाला. मोटार महाग, इंजिन थकलेले आणि तेलाची भूक मोठी. १९८८ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. त्यानंतर मोठ्या लिफ्टबॅकचा विचार भारतात बराच काळ कुणी केला नाही, यात नवल नाही.

शेंद्र्याची गोष्ट

स्कोडाने शेंद्रा येथील कारखान्यातून २००१ च्या अखेरीस ऑक्टाव्हिया विकायला काढली, तेव्हा जाहिरातींत ‘लिफ्टबॅक’ हा शब्द ठळकपणे कुठेच नव्हता. त्या काळी भारतीय ग्राहकाच्या मनात प्रतिष्ठा म्हणजे स्वतंत्र डिकी, हे समीकरण पक्के होते. हॅचबॅक म्हणजे लहान आणि स्वस्त. ऑक्टाव्हियाची रूपरेषा मुळातच अशी होती की, डिकी बंद असताना ती निःसंशय सेडान दिसावी. कंपनीने त्याचा फायदा घेतला, यात तिला दोष देता येणार नाही. ५२८ लिटरची डिकी आणि आसन पाडल्यावर १३२८ लिटर जागा, हे आकडे मात्र कोणत्याही खऱ्या सेडानला जमणारे नव्हते.

ऑक्टाव्हिया हे नाव जुनेच. चेकोस्लोव्हाकियात १९५९ पासून याच नावाची मोटार बनत होती. १९९१ मध्ये स्कोडा फोक्सवॅगन समूहात आली आणि १९९६ मध्ये फोक्सवॅगन गोल्फच्या चौथ्या पिढीशी सांगाडा वाटून घेणारी नवी ऑक्टाव्हिया जन्मली. भारतात ती प्रामुख्याने खपली ती १.९ लिटरच्या ९० अश्वशक्तीच्या टीडीआय डिझेल इंजिनावर. हे इंजिन आवाज करते, थंडीत सकाळी थोडे कुरकुरते, पण त्याच्या टिकाऊपणाविषयी फिटर मंडळींत आजही आदराने बोलले जाते.

आरएसची गोष्ट निराळी आहे. ही दोन अक्षरे स्कोडाच्या शर्यतीच्या परंपरेतून, १९७० च्या दशकातील १३० आरएस या रॅली मोटारीपासून चालत आलेली आहेत. या मोटारीने १९७७ च्या माँटे कार्लो रॅलीत आपल्या गटात विजय मिळवला होता. युरोपात २००० साली आलेल्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन १८० अश्वशक्ती देत असे. २००४ मध्ये भारतात आलेल्या आरएसमध्ये ते १५० अश्वशक्तीवर बेतलेले होते. चार सिलिंडर, पण प्रत्येकी पाच म्हणजे एकूण २० व्हॉल्व्ह, आणि १७५० फेऱ्यांपासूनच मिळणारा २१० न्यूटन मीटरचा जोर. ज्या बाजारात टर्बो हा शब्द डिझेलशीच जोडलेला होता, तेथे पेट्रोल टर्बोची ही जवळजवळ पहिलीच चव होती. पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, पाच जणांची बैठक आणि तीच भलीमोठी डिकी. मुलाबाळांना घेऊन गावी जायचे आणि परतीच्या वाटेवर, रस्ता मोकळा असेल तर, थोडे स्वतःसाठीही चालवायचे. ही सोय तिने एका किमतीत दिली.

पुढे २००५ मध्ये दुसऱ्या पिढीची ऑक्टाव्हिया आली, पण जुनी अजून विकली जात असल्याने भारतात नवीला ‘लॉरा’ म्हणण्यात आले. जुनी ऑक्टाव्हिया २०१० पर्यंत चालली. लॉराचाही आरएस अवतार २०११ मध्ये १६० अश्वशक्तीच्या १.८ टीएसआय इंजिनासह आला. २००९ च्या सुपर्बमध्ये तर एकच दार सेडानसारखे फक्त डिकीपुरते किंवा लिफ्टबॅकसारखे काचेसह, असे दोन्ही प्रकारे उघडण्याची करामत होती. २०१७ मध्ये २३० अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस आली. २०२० मध्ये थेट आयात केलेल्या २४५ अश्वशक्तीच्या २०० मोटारी विकल्या गेल्या. २०२३ मध्ये साधी ऑक्टाव्हिया भारतातून निरोप घेऊन गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये २६५ अश्वशक्तीच्या केवळ १०० आरएस मोटारी प्रत्येकी ४९ लाख ९९ हजार रुपयांना आल्या. या वाढत्या आकड्यांकडे पाहिले की २००४ च्या मोटारीचे मोल ध्यानात येते. नव्या आरएसचा रस्ता आता सामान्य माणसाच्या दारावरून जात नाही. गेलाच तर वापरलेल्या मोटारींच्या बाजारातून जातो.

घेण्यापूर्वी

अशी मोटार पाहायला जाताना दोन गोष्टी सोबत न्याव्यात: एक जाणता फिटर आणि भरपूर वेळ. सौदा करणाऱ्याला फोनवर आधीच सांगून ठेवावे की, इंजिन सुरू करून ठेवू नका. गरम इंजिन बरेच दोष लपवते. थंड इंजिन पहिल्याच वेळी सुरू होते का, निळसर धूर येतो का, चालू झाल्यावर ते एकसारखे फिरते की लंगडते, हे त्या पहिल्या दोन मिनिटांतच कळते. लंगडत असेल तर बहुधा इग्निशन कॉइलचा दोष असतो. या १.८ टर्बो इंजिनाची ती जगभर माहीत असलेली खोड आहे आणि दुरुस्ती फार खर्चिक नाही. निळा धूर मात्र टर्बो किंवा इंजिन झिजल्याची खूण असू शकते. तेथे हात आवरता घ्यावा.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न टायमिंग बेल्टचा. पेट्रोल १.८ असो वा डिझेल १.९, दोन्हींत रबरी पट्टा आहे आणि तो चालू इंजिनात तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनाचा वरचा भाग निकामी होतो. पट्टा शेवटचा कधी बदलला, याची पावती नसेल तर तो बदललेलाच नाही, असे धरून चालावे आणि तो खर्च किमतीतून वजा करून मागावा. पट्ट्याबरोबर वॉटर पंपही बदलावा. या पिढीतल्या अनेक पंपांचे आतले पाते प्लास्टिकचे असते. ते तडकले की बाहेरून सारे ठीक दिसते, पण पाणी फिरत नाही आणि काटा लाल रेषेकडे सरकू लागतो. ४५ अंशांच्या उन्हात, वडनेरच्या पुढे महामार्गावर, हे घडलेले कुणालाच परवडत नाही.

कूलंटविषयी आपल्याकडे फार निष्काळजीपणा आहे. रेडिएटर गरम झाला की विहिरीचे किंवा बोअरचे पाणी ओतायचे, ही ट्रक-जीपच्या काळातली सवय. या मोटारींना ठरावीक प्रकारचे, गुलाबी-लाल रंगाचे कूलंट लागते. त्यात बाजारातले हिरवे कूलंट मिसळले तर गाळ तयार होऊन सारी यंत्रणा तुंबू शकते. म्हणून मोटार पाहताना टाकीतल्या द्रवाचा रंग पाहावा. तपकिरी, गढूळ रंग म्हणजे मागच्या मालकाच्या स्वभावाचे प्रमाणपत्रच. तीच गोष्ट इंजिन ऑइलची. टर्बो अतिशय तापतो आणि हलके किंवा जुने तेल त्यात जळून काजळी धरते. ही काजळी तेल खेचणाऱ्या जाळीत अडकली की तेलाचा दाब घसरतो. दाबाचा दिवा क्षणभर जरी लुकलुकला, तरी सौदा तेथेच थांबवणे शहाणपणाचे.

आता लिफ्टबॅकची खास तपासणी. डिकी पूर्ण उघडून हात सोडावा. जड काचेचे दार आपोआप खाली येऊ लागले तर त्याचे गॅसचे दांडे संपले आहेत. बदलायला सोपे, पण बदलेपर्यंत डोके सांभाळावे. मग मागचा वायपर, काचेवरील धुके घालवणाऱ्या तारा आणि नंबर प्लेटवरचा दिवा लावून पाहावा. यांतले एखादे चालत नसेल, तर छताजवळच्या बिजागरीतून दारात जाणाऱ्या वायरी वर्षानुवर्षे वाकून तुटलेल्या असतात. फिटर मात्र आधी बल्ब बदलतो, मग फ्यूज, मग मोटर. खरी जागा शेवटी सापडते. त्यानंतर डिकीचा गालिचा उचलून सुट्या चाकाच्या खळग्यात बोटे फिरवावीत. ओल किंवा गंज असेल तर दाराच्या रबरातून पाणी झिरपते. सगळ्यात शेवटी दार बंद करून दोन्ही बाजूंच्या फटी पाहाव्यात. एकीकडे नख जाते आणि दुसरीकडे बोट, असे असेल तर मागून धडक बसून डेंटिंग झालेले आहे. सेडानमध्ये अशी दुरुस्ती बऱ्यापैकी लपते. इथे मागचा सगळा आकार एकाच मोठ्या चौकटीवर अवलंबून असल्याने ती सहसा लपत नाही.

खिडक्यांच्या काचाही एकेक करून खाली-वर कराव्यात. आतल्या प्लास्टिकच्या क्लिपा मोडून काच दारात कोसळणे, हा त्या काळच्या समूहाच्या मोटारींचा जुना आजार आहे.

काही ठिकाणी साध्या ऑक्टाव्हियावर आरएसचे चिन्ह आणि स्पॉयलर चिकटवून ती ‘आरएस’ म्हणून दाखवली जाते. आरसी बुकात इंजिनाची क्षमता १८९६ किंवा १९८४ सीसी लिहिलेली असेल, तर चिन्ह काहीही सांगो, ती आरएस नाही. तिचे इंजिन १७८१ सीसीचे. आकडा जुळला तरी चासी आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष मोटारीवर पडताळून पाहावेत.

आणखी एक मोह असतो तो इंजिनाचा संगणक बदलून अश्वशक्ती वाढवण्याचा. युरोपात हेच इंजिन १८० अश्वशक्ती देत होते, मग आपण का नाही, असा युक्तिवाद केला जातो. तांत्रिकदृष्ट्या तो अगदीच खोटा नाही. पण वीस वर्षांच्या क्लचवर, होजवर आणि ब्रेकवर त्याचा भार पडतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणारे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. विमा कंपनीपासून बदल लपवला आणि अपघात झाला, तर भरपाईच्या वेळी काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

हिंगणघाटातून पाळायची तर

पुण्या-मुंबईत अशी मोटार असणे आणि हिंगणघाटात असणे, यांत फरक आहे. अधिकृत सेवेसाठी नागपूर गाठावे लागते, म्हणजे एका बाजूचे सुमारे ७५ किलोमीटर. त्यामुळे येथे जे हौशी टिकतात, ते दोन सवयी लावून घेतात. एक, लहानसहान भाग आधीच आणून घरात ठेवायचे: कॉइल, सेन्सर, होजच्या क्लिपा, फ्यूज. दुसरी, आपल्याच गावातल्या एका फिटरला हाताशी धरून त्याला या मोटारीची सवय लावायची. हा सांगाडा आणि त्यातले अनेक भाग फोक्सवॅगन समूहाच्या इतर मोटारींतही वापरले गेल्याने सुटे भाग सर्वस्वी दुर्मीळ झालेले नाहीत. आरएसचे खास भाग, म्हणजे बंपर, आसनांचे कापड आणि मागची सजावट, मात्र मिळणे कठीण. म्हणून थोडी जास्त किंमत देऊन पूर्ण मोटार घ्यावी. स्वस्तात अर्धवट मोटार घेऊन भाग शोधत बसू नये.

पेट्रोलचाही प्रश्न आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. २००४ ची मोटार या मिश्रणासाठी बनवलेली नाही. जुने रबरी होज आणि सील इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात, आणि मोटार महिनोन् महिने उभी राहिली तर टाकीत ओल धरते. म्हणून इंधनाचे होज नवीन घालून घ्यावेत आणि मोटार नियमित चालवावी.

चालवायची कुठे, या प्रश्नाचे उत्तर आता वर्धेकरांच्या जवळ आले आहे. समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये तो पूर्ण झाला. ज्या जिल्ह्यात ही मोटार जुळवली गेली, त्या छत्रपती संभाजीनगरपर्यंत ती आता याच रस्त्याने परत जाऊ शकते. मोटारींसाठी येथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि आरएसला ती अजूनही जड नाही. जड जाईल ते टायरांना. हौशी माणसाची मोटार कमी चालते, त्यामुळे टायरची नक्षी नव्यासारखी दिसते. पण रबराचे वय वाढतच असते. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. ‘३२१७’ म्हणजे २०१७ सालचा ३२ वा आठवडा. असे टायर घालून उन्हाळ्यात सिमेंटच्या महामार्गावर जाणे म्हणजे जाणूनबुजून संकट ओढवून घेणे होय. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांवरचे टायर उतरवावेत.

कागदाचे वय

आता मूळ पेचाकडे येऊ. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. २००४ च्या आरएसचे पहिले नूतनीकरण २०१९ मध्ये, दुसरे २०२४ मध्ये झालेले असणार; तिसरे २०२९ मध्ये येईल. १५ वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजार रुपयांवर गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांवरील मोटारींसाठी ते १० हजार रुपये केले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. शिवाय एप्रिल २०१९ पूर्वीच्या मोटारींना उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावणे राज्यात बंधनकारक करण्यात आले आहे. प्रदूषण करणारी जुनी वाहने रस्त्यावरून जावीत, हा या धोरणामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण धूर ओकणारा, देखभाल नसलेला टेम्पो आणि वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणारी, दर सहा महिन्यांनी तेल बदललेली आरएस यांत हे शुल्काचे कोष्टक फरक करत नाही.

दुसऱ्या टोकाला, केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ मोटारींसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली खासगी मोटार ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांकासह नोंदवता येते. शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. तिचा रोजचा वापर चालत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. आणि एक अट फार महत्त्वाची: चासी, बॉडी किंवा इंजिनात मूलभूत फेरफार झालेला नसावा. २००४ च्या ऑक्टाव्हियाला हा मान २०५४ मध्ये मिळेल. तोवर तिला जिवंत ठेवायचे, तर २०२९, २०३४, २०३९, २०४४ आणि २०४९ अशी पाच नूतनीकरणे तिला पार करावी लागतील. आणि आज कुणी हौसेने दुसरे इंजिन बसवले, तर २०५४ मध्ये ती या दर्जाला पात्र ठरेलच असे नाही. जुन्या मोटारींचा वारसा म्हणून आपण पॅकार्ड आणि रोल्स-रॉईसकडे पाहतो. महाराष्ट्रात जुळवलेल्या पहिल्या टर्बो पेट्रोल लिफ्टबॅकविषयी मधल्या तीस वर्षांत कुणी विचार करायचा, याला कायद्यात उत्तर नाही. ते काम मालकांवर सोडलेले आहे.

हा कारभार मालकांवर असल्यामुळेच मालकी कागदावर नीट आली पाहिजे. विदर्भात उत्तरेकडून, विशेषतः दिल्ली परिसरातून, स्वस्त मोटारी येतात. तेथे हरित लवादाने २०१५ मध्ये १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर निर्बंध आणले, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांना पुष्टी दिली आणि मोटारी विकून टाकण्याची घाई झाली. अशी मोटार घ्यायची तर मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. त्याआधी नोंदणीची मुदत तपासावी. संपली असेल तर स्वस्ताई तेथेच संपली. राज्यात आल्यावर येथला कर भरून नवा क्रमांक घ्यावा लागतो. वर्ध्याचा असेल तर एमएच-३२. कर्ज शिल्लक असेल तर नमुना ३५ वर बँकेची सही, आणि हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३०.

विकणाऱ्यानेही यात हलगर्जी करू नये. ‘सही करून दिली, आता त्याचे तो पाहील’ ही भाषा आपल्याकडे सर्रास ऐकू येते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की, मोटार प्रत्यक्षात कुणाच्याही ताब्यात गेली असली, तरी नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. त्या खटल्यात मोटार एकामागून एक अनेक हातांत गेली होती आणि नाव मात्र पहिल्याचेच राहिले होते. जुन्या हौशी मोटारींच्या बाबतीत हे फार सहज घडते, कारण त्या मित्रांमध्ये, विश्वासावर, सुट्टीच्या दिवशी हात बदलतात. हस्तांतरणाची सूचना विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यायची असते. किल्ली देताना नमुना २९ ची पोहोच खिशात आहे की नाही, हे एकदा चाचपून पाहावे.